बाजारातून आणलेली ताजी भाजी तिसऱ्या दिवशी मलूल का होते, आणि तिची खरी चव कशी घ्यावी

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. गावच्या शेतकरी बाजारात तुम्ही दर आठवड्याला हौसेने जाता, पिशव्या भरून भाज्या आणि फळे आणता आणि घरी आल्याबरोबर सगळे फ्रिजमध्ये ठेवून देता. तिसऱ्या दिवशी पाहावे तर पालेभाजी पिवळी पडलेली असते, काकडीवर पाणचट डाग येतात, मक्याची गोडी नाहीशी होते आणि टोमॅटोची चव कोणत्याही दुकानातल्या टोमॅटोसारखीच लागते. मग एवढा खटाटोप करायचा कशासाठी, आणि करायचाच तर माल निवडावा, ठेवावा आणि खावा कसा, हा तुमचा प्रश्न आहे. मी गेली चोवीस वर्षे भाजीपाला पिकवते, त्यातला बराचसा स्वतः बाजारात बसून विकते, आणि मधली काही वर्षे इतर शेतकऱ्यांना काढणीनंतरच्या हाताळणीचे प्रशिक्षण देण्यात गेली. तुमची तक्रार मी अनेक गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकली आहे. तिचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तोडलेली भाजी मेलेली नसते, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात घ्यावी लागते. झाडापासून वेगळी झाल्यावरही तिचे श्वसन चालूच राहते. ती प्राणवायू घेते, साठवलेली साखर जाळते आणि उष्णता, कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बाहेर टाकते. फरक इतकाच, की आता मुळांकडून पाणी येत नाही आणि पानांकडून साखर येत नाही, त्यामुळे जवळ आहे त्या साठ्यावर तिला दिवस काढावे लागतात. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणजे तितक्याच वेगाने तो साठा संपत जातो. लांबून येणारा माल काढणी, प्रतवारी, वाहतूक, गोदाम आणि दुकान असे टप्पे पार करत तुमच्या हातात पडेपर्यंत त्याच्या आयुष्यातले चार, सहा, कधी दहा दिवस खर्ची पडलेले असतात. शेतकरी बाजारातून आणलेल्या मालाचे हे दिवस शिल्लक असतात. तुम्ही तिथून जे विकत घेता ते खरे तर हेच शिल्लक दिवस, आणि तुमच्या तक्रारीतली बहुतेक कारणे ते घरी कसे खर्च होतात यात सापडतात.

मक्याचे कणीस हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. गोड मक्याच्या जुन्या वाणांत काढणी झाल्याबरोबर दाण्यातल्या साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर सुरू होते. ३० अंश तापमानात एका दिवसात सुमारे ६० टक्के साखर अशी नाहीशी होऊ शकते. तेच कणीस शून्य अंशाजवळ ठेवले तर तेवढ्याच वेळात ६ टक्क्यांच्या आसपासच घट होते. प्रशिक्षणाच्या वेळी मी एकाच ओळीतली कणसे तीन भागांत वाटत असे. काही तोडल्या तोडल्या उकडायची, काही बर्फाच्या पेटीत ठेवायची, काही ओसरीवर तशीच पडू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चाखायला द्यायची. ओसरीवरच्या कणसाचा रंग तोच असे, दाणेही तसेच भरलेले दिसत. पण ताज्या दाण्यातून दाताखाली पातळ दुधाळ रस फुटलेला आठवत असताना हा दाणा पिठूळ लागे आणि जिभेला चिकटून बसे. वर्षानुवर्षे मका पिकवणारी माणसेसुद्धा त्या वेळी एकमेकांकडे पाहत राहत. हल्लीच्या अतिगोड वाणांत हा बदल पुष्कळ सावकाश होतो, म्हणून कणीस घेताना वाण कोणता हे विचारणे उपयोगाचे असते. जुना वाण असेल तर ते कणीस त्याच संध्याकाळी खावे, त्याला दुसरा उपाय नाही.

सगळ्या भाज्या सारख्या वेगाने श्वास घेत नाहीत, आणि कोणती भाजी आधी खायची हे या वेगावरूनच ठरवावे. हिरवा वाटाणा, मका, ब्रोकोली, अळिंबी, कोवळ्या शेंगा, भेंडी आणि पालेभाज्या फार वेगाने श्वास घेतात. वाढत्या वयातला कोवळा भाग आपण तोडून आणलेला असतो, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. कोबी, गाजर, बीट यांचा वेग मध्यम असतो. कांदा, लसूण, बटाटा आणि पक्व लाल भोपळा हे तर वनस्पतीने पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेले अवयव किंवा फळे, त्यामुळे ती जवळपास झोपेतच असतात. बाजारातून परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत मका, वाटाणा आणि पालेभाजी, मधल्या दिवसांत शेंगा आणि फुलकोबी, आणि आठवड्याच्या शेवटी कोबी, गाजर, भोपळा असा क्रम लावला, तर निम्मी नासाडी तिथेच थांबते. माझ्या अनुभवात गिऱ्हाईक नेमके उलटे वागते. आल्या दिवशी सवयीने घरातला बटाटा शिजतो आणि नाजूक पालेभाजी ‘उद्या करू’ म्हणून मागे पडते.

आता निवडीविषयी. पालेभाजी घ्यायची असेल तर बाजार भरताना जावे, कारण ती पहाटे काढलेली असते. रात्रभरात पाने पाणी शोषून टवटवीत झालेली असतात आणि दिवसाची उष्णता अजून त्यांच्यात शिरलेली नसते. दुपारपर्यंत उन्हात बसलेली जुडी पाणी शिंपडून हिरवी दिसते, पण तिचे आयुष्य संपत आलेले असते. जुडी हातात घेतली की पानांकडे पाहण्याआधी तिचे बुड पाहावे. देठाचा काप ओलसर आणि फिकट असेल तर काढणी ताजी आहे. तो तपकिरी, कोरडा, आत ओढला गेलेला असेल तर जुडी किमान कालची आहे. मग बंध किंचित सैल करून मधली पाने पाहावीत, कारण सड नेहमी आतून सुरू होते. वाटाण्याच्या शेंगा मुठीत घेऊन एकमेकींवर घासल्या की ताज्या असताना करकर वाजतात. शेंग फार फुगून दाणे एकमेकांना दाबत चौकोनी झाले असतील, तर तो वाटाणा निबर झालेला आहे. वांग्याची साल तकतकीत असावी आणि अंगठ्याने हलके दाबल्यावर खड्डा भरून यावा. तकाकी गेली की आतल्या बिया कडक झाल्या असे समजावे. भेंडीचे टोक मोडून पाहण्याची सवय मात्र सोडावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. मोडलेली भेंडी पुढचे गिऱ्हाईक घेत नाही आणि तो तोटा पिकवणाऱ्याला सोसावा लागतो. बोटभर लांबीची, अंगावर लव असलेली, ताठ भेंडी डोळ्यांनीही ओळखता येते. लाल भोपळ्याचा देठ शाबूत असावा आणि सालीत नख रुतू नये. कलिंगड जमिनीला टेकून वाढते तिथला डाग पांढरा असेल तर ते लवकर काढलेले असते. लोण्यासारखा पिवळसर डाग पक्वतेची खूण आहे.

वाकड्या काकडीला किंवा वेड्यावाकड्या गाजराला नाकारण्याचे कारण नाही. परागीभवन अपुरे झाले किंवा पाण्याची पाळी चुकली की काकडी एका बाजूने कमी भरते आणि वाकते; गाजराला मातीत खडा लागला की ते फाटे फोडते. चवीशी याचा संबंध नसतो. पानाला एखाद-दुसरे किडीचे भोकही चालते. जखम, चीर, पाणचट मऊपणा आणि बुरशी मात्र कधीही चालवून घेऊ नये, कारण एका नासक्या फळापासून शेजारच्यांना लागण व्हायला वेळ लागत नाही.

टोमॅटोबद्दल जरा थांबून लिहिते, कारण तुमची सर्वांत मोठी निराशा तिथेच झाली आहे आणि तिला दोन वेगवेगळी कारणे असू शकतात. पहिले कारण शेतात आहे. केळे हिरवे काढले तरी घरी पिकून गोड होते, कारण कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असते आणि पिकताना त्याची साखर होते. टोमॅटोकडे असा साठा जवळपास नसतो. त्याची साखर मुख्यतः झाडाच्या पानांतून येते, त्यामुळे हिरवा तोडलेला टोमॅटो पुढे लाल आणि मऊ होतो खरा, पण वेलीवर पिकलेल्या टोमॅटोची गोडी त्याला गाठता येत नाही. लांबच्या प्रवासासाठी टोमॅटो कच्चाच काढावा लागतो. बाजारात स्वतः बसणाऱ्या शेतकऱ्याला मात्र तो पिकू देण्याची सवड असते. तरीही काही जण सोयीसाठी लवकर तोडतात, म्हणून ‘हा झाडावर किती रंगला होता?’ असे सरळ विचारावे. वाणाचाही मोठा वाटा आहे. पैदासकारांनी अनेक दशके एकसारखे पिकणारे, देठाजवळ हिरवे न राहणारे टोमॅटो निवडले, कारण ते दिसायला देखणे असतात आणि त्यांची तोडणी सोपी जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की या निवडीत फळातल्या हरितकणांची वाढ घडवणारे एक जनुक निकामी झाले होते आणि त्याबरोबर फळातली काही साखरही घटली होती. म्हणून देठाभोवती गडद हिरवे ‘खांदे’ असणारे जुने वाण कुणाकडे दिसले, तर ते पिकायच्या बेतात असताना जरूर घ्यावेत.

दुसरे कारण तुमच्या फ्रिजमध्ये आहे. टोमॅटोची चव म्हणजे नुसती साखर आणि आंबटपणा नव्हे. तिचा मोठा भाग नाकाला जाणवणाऱ्या बाष्पनशील घटकांतून येतो आणि हे घटक फळ शेवटपर्यंत तयार करत असते. थंडीत ते काम थांबते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर सात दिवस ठेवले, नंतर एक दिवस २० अंशांवर आणले, तरी हे घटक पूर्वपदाला आले नाहीत; साखर आणि आम्ल मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे वेलीवर पिकलेला उत्तम टोमॅटो आणून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवला, तर जे मिळवण्यासाठी तुम्ही बाजारात गेलात तेच घरी गमावले जाते. टोमॅटो स्वयंपाकघरातल्या सावलीच्या, हवेशीर जागी, देठाची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता ठेवावेत आणि पिकल्यावर दोन-तीन दिवसांत संपवावेत. फार पिकून फुटायला आलेला टोमॅटो एखाद-दोन दिवसांसाठी फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही. खाण्यापूर्वी काही तास तो बाहेर काढून ठेवावा.

फ्रिज सगळ्यांचा मित्र नाही, हे काकडीवरच्या डागांवरूनही कळते. उष्ण प्रदेशांत उगम पावलेल्या भाज्यांच्या पेशींना कडक थंडी सोसत नाही. काकडी आणि वांगी १० अंशांच्या खाली दोन-तीन दिवसांहून अधिक राहिली की त्यांच्या सालीवर खळगे आणि पाणचट डाग पडतात, वांग्याचा गर आणि बिया तपकिरी होतात. ढोबळी मिरची आणि भेंडी साधारण ७ अंशांपर्यंत टिकाव धरतात. तुळशीच्या जातीच्या सुगंधी पानांना तर फ्रिजची थंडी सोसवतच नाही, ती काळी पडतात. घरगुती फ्रिज ४ अंशांच्या आसपास चालतो, त्यामुळे या भाज्या बाहेर गार जागी ठेवून दोन दिवसांत खाव्यात. ठेवायच्याच असतील तर दाराच्या, तुलनेने उबदार कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवाव्यात. रताळे फ्रिजमध्ये ठेवू नयेच. बटाटाही नको. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते, तळताना तो पटकन काळपट होतो आणि त्यात अॅक्रिलामाइड हा नकोसा घटक अधिक तयार होतो. अन्नातल्या या घटकाकडे जगाचे लक्ष २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वेधले. बटाटा अंधाऱ्या जागी ठेवावा, कारण उजेडात तो हिरवा होतो आणि त्यात सोलॅनिन हा विषारी घटक वाढतो, जो शिजवल्याने जात नाही. कांद्याला कोरडी, खेळती हवा लागते आणि बटाटा ओलावा सोडत असतो, म्हणून दोघांची टोपली वेगळी असावी.

पालेभाजी पिवळी पडण्यामागे आणखी एक कारण असते, आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पिकणारी फळे इथिलीन नावाचा वायू सोडतात. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे दिमित्री नेल्युबोव्ह या तरुण संशोधकाला प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपे आखूड आणि आडवी का वाढतात याचा शोध घेताना दिव्याच्या गॅसमधले इथिलीन सापडले. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदे स्वतःच हा वायू तयार करतात हे सिद्ध केले. सफरचंद, केळे, आंबा, पपई, पीच, पिकते टोमॅटो यांच्याजवळ पालेभाजी ठेवली की ती लवकर पिवळी पडते, काकडीचा हिरवेपणा जातो, ब्रोकोलीचे तुरे पिवळे होतात आणि गाजराला कडवटपणा येतो. हा धडा मलाही माल गमावूनच मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत एका संध्याकाळी पालकाच्या भरलेल्या पाट्या मी पिकत घातलेल्या फळांच्या खोलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी पाट्या उघडल्या तेव्हा खालची पाने पिवळी पडून देठापासून गळत होती. त्या दिवसापासून फळांची आणि पाल्याची जागा मी कधी एक होऊ दिलेली नाही.

याच वायूचा उपयोगही करून घेता येतो. कच्चट आंबा किंवा नासपती लवकर पिकवायचे असेल तर कागदी पिशवीत एखादे पिकलेले केळे सोबत ठेवावे. द्राक्षे, संत्री, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी ही फळे मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. काढताना होती तेवढीच गोडी त्यांच्यात राहते. त्यामुळे ती बाजारातच चाखून घ्यावीत, ‘घरी पिकेल’ या आशेवर घेऊ नयेत.

बाजारातून घरी येईपर्यंतचा तासभर फार मोलाचा असतो. पालेभाजीचे ९० टक्क्यांहून अधिक वजन पाण्याचे असते आणि त्यातले तीन-चार टक्के गेले तरी ती लोंबू लागते. बंद मोटारीत उन्हात ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत हे नुकसान अर्ध्या तासात होऊन जाते. जाड कापडाची पिशवी, जड माल खाली, पाला वर, शक्य असेल तर एक ओला पंचा आणि सावली, एवढे पुरते. बाजारातून निघाल्यावर आधी इतर कामे उरकण्याऐवजी थेट घरी यावे.

घरी आल्यावर जुडीचे बंध सोडावेत, पिवळी आणि चेंगरलेली पाने काढावीत आणि पाला मलूल झाला असेल तर वीस मिनिटे गार पाण्यात ठेवावा. पेशी पाणी आत ओढून घेतात आणि तो पुन्हा ताठ उभा राहतो. मग मात्र तो झटकून, फडक्यावर पसरून चांगला कोरडा करावा, कारण पानांवर राहिलेले पाणी सडीला आमंत्रण देते. कोरडा पाला पातळ सुती कापडात सैल गुंडाळून, तोंड किंचित उघड्या पिशवीत, भाजीच्या कप्प्यात ठेवावा. ताठ देठाच्या सुगंधी पानांची जुडी फुलदाणीतल्या फुलांप्रमाणे पेल्यात पाणी घालून उभी करावी. गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापून वेगळा करावा; तो तसाच राहिला तर पानांतून पाणी उडत राहते आणि मुळे सुरकुततात. तो पाला टाकून देऊ नये, कोवळा असेल तर शिजवून फार चवदार लागतो. इतर भाज्या आणि विशेषतः नाजूक फळे आधी धुऊन ठेवू नयेत, वापरण्याच्या वेळी धुवावीत.

आता काळजीच्या काही गोष्टी. गावात पिकले म्हणजे फवारणी झालीच नाही असे समजणे चुकीचे आहे. प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे ते छापलेले असते. ‘शेवटची फवारणी कधी आणि कशाची केली?’ हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. जो जबाबदारीने पिकवतो त्याला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो तारीख सांगतो. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरची माती आणि सालीवरचे अवशेष बरेचसे जातात. झाडात भिनणाऱ्या औषधांना याचा उपयोग नसतो, म्हणून तो प्रश्न अधिक महत्त्वाचा. साबण लावू नये. काकडी, दुधी, झुकिनी चिरताना टोकाचा लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो जहाल कडू लागला तर ते फळ टाकून द्यावे. घरच्या बियाण्यात रानटी वाणाचा संकर झाला की कुकुर्बिटासिन नावाचे विषारी घटक वाढतात आणि ते शिजवूनही नष्ट होत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्याने एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. कारल्याचा कडवटपणा वेगळ्या घटकांचा असतो, त्याला हा नियम लागू नाही. मऊ फळावर बुरशी दिसली तर सबंध फळ टाकावे. गाजरासारख्या कठीण भाजीचा बुरशीचा भाग भोवतालच्या किमान इंचभर भागासह कापून उरलेले वापरता येते. बाजारात मध घेतला तर तो एक वर्षाखालील बाळाला देऊ नये, आणि तो गोठून रवाळ झाला म्हणून भेसळीचा समजू नये, कारण मधातली ग्लुकोज साखर आपोआप रवाळ होत असते.

स्वयंपाकाबद्दल माझे मत ठाम आहे: आठवड्याचा बेत आधी ठरवून यादी घेऊन बाजारात जाण्याऐवजी बाजारात जे उत्तम दिसेल त्यावरून बेत ठरवावा. ज्या भाजीचा बहर आहे ती त्या दिवशी अनेकांच्या पाट्यांत दिसते, स्वस्त असते आणि चवीलाही ऐन भरात असते. ताज्या मालाला उष्णता कमी लागते, हे मात्र लक्षात असू द्यावे. सकाळी तोडलेले कणीस उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटांत होते, ताजा कोवळा वाटाणा दोन मिनिटांत. दुकानातल्या भाजीच्या हिशेबाने पंधरा मिनिटे शिजवले तर ताजेपणाची चव भांड्यातच संपते, आणि पुष्कळ घरांत ती तिथेच संपत असावी अशी मला शंका आहे. एखादी नवी भाजी घरी आणली की तिचा पहिला तुकडा, कच्ची खाता येत असेल तर कच्चा, नाहीतर नुसता वाफवून मीठ लावून खाऊन पाहावा. तिला मसाल्याची गरज किती आहे हे त्यावरून कळते.

बहरात माल जास्त घेतला गेला तर वाटाणा, मका, शेंगा गोठवून ठेवता येतात, पण त्याआधी उकळत्या पाण्याची धावती आंघोळ घालावी लागते, वाटाण्याला दीड मिनिट, शेंगांना तीन मिनिटे, आणि लगेच तितकाच वेळ बर्फाच्या पाण्यात. यामुळे चव आणि रंग बिघडवणारी विकरे (एन्झाइम) निष्क्रिय होतात. नंतर कोरडे करून उणे १८ अंशांवर ठेवावे. बाटलीबंद करण्याचा प्रयोग आंबट नसलेल्या भाज्यांवर घरच्या साध्या भांड्यात करू नये. हवाबंद बाटलीत जीवघेणे विष तयार करणाऱ्या बोटुलिनम जिवाणूंचा धोका खरा आहे.

लांबून येणाऱ्या मालाच्या प्रदूषणाचा मुद्दा बाजाराच्या बाजूने नेहमी मांडला जातो. तो पूर्ण खोटा नाही, पण जितका मोठा वाटतो तितका मोठाही नाही. २००८ मध्ये अमेरिकी घरांच्या अन्नावर झालेल्या एका अभ्यासात एकूण हरितगृह वायूंपैकी उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा अवघा ४ टक्के आढळला. बहुतांश भार पिकवण्यातच होता. म्हणून मी गिऱ्हाइकांना या कारणासाठी या असे सांगत नाही. ताजेपणा, प्रवासासाठी न निवडलेले वाण आणि पिकवणाऱ्याशी होणारे बोलणे या तीन गोष्टी दुसरीकडे मिळत नाहीत, आणि तुमच्या खटाटोपाला त्या पुरेशा आहेत.

त्या बोलण्याचा फायदा आपण फार कमी करून घेतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा ज्याच्याकडून टोमॅटो आणि मका घेतला होता त्याच्याकडेच पुन्हा जा आणि कोणता चांगला लागला, कोणता फिका, हे नाव घेऊन सांगा. पुढच्या हंगामाचे बियाणे आम्ही पेरणीच्या बरेच आधी ठरवून आणतो, आणि वाणांच्या दोन पाकिटांत निवड करताना टिकाऊपणा आणि उत्पन्न यांचे आकडे पाकिटावर असतात, चवीचा उल्लेख कुठेच नसतो. माझ्याकडे हिरव्या खांद्यांचा एक टोमॅटो आज सहा ओळींत आहे. तो मी बंद करायच्या बेतात होते, कारण त्याची साल पातळ आहे आणि दर तोड्याला काही फळे फुटतात. चार गिऱ्हाइकांनी दोन आठवड्यांच्या अंतराने येऊन तोच पुन्हा मागितला, म्हणून त्याचे बी मी राखून ठेवले.